सुखदाईचा बॉक्स

आमच्या बेटावरच्या बॅरकपोरमध्ये कुणाच्या गाडीतला वूफर छातीत बसला, की लोक मान डोलावून म्हणत, "किसूनचा बॉक्स आहे, वाजणारच." हे वाक्य कानावर पडलं की सुखदाईच्या तळपायाची आग मस्तकात जाई. किसून तिचा नवरा. वूफरच्या त्या लाकडी बॉक्सची एक फळी त्याने कापलेली नसे, एक माप त्याने घेतलेलं नसे. सगळं सुखदाईचं आणि नाव किसूनचं. लग्न झाल्यापासून हे असंच चाललेलं, आणि ती आग मस्तकात जाऊन तिथंच धुमसत बसलेली, कारण ती बाहेर काढायला बाईमाणसाला जागा कुठं असते?

घर तिच्या बापाचं. खांबांवर उभं, आणि खाली मोकळ्या जागेत कारखाना. बाप धनराज हा ताशाच्या पथकांना मोठे ढोल करून द्यायचा. त्याला मुलगा नव्हता, म्हणून म्हणा किंवा पोरीचा कान चांगला होता म्हणून म्हणा, त्याने सगळं हिलाच शिकवलं. लाकडाच्या पोटात हवा किती कोंडली की ती काय बोलते, हे सुखदाईला पोळी लाटायच्या आधी कळायला लागलं होतं. किसून पेनालच्या एका पथकाबरोबर ढोल न्यायला आला. चहा प्यायला, गेला, परत आला, परत चहा प्यायला, आणि शेवटी घरजावई होऊन राहिला. धनराज वारला. पोरांना गाडीत म्युझिक भरायचं वेड लागलं. सुखदाई ढोलावरून बॉक्सवर आली. किसून मात्र पहिल्या दिवशी ज्या खुर्चीवर बसला होता त्याच खुर्चीवर राहिला.

खोटं कशाला बोला, त्याला काहीच येत नव्हतं असं नाही. तयार बॉक्सवर गालिचाचं कापड चढवावं तर त्यानेच, एक सुरकुती दिसायची नाही. वायरी छान बांधायचा. निळे-जांभळे दिवे लावायचा. आणि तोंड म्हणाल तर गिऱ्हाईक दारात आलं की त्याचा पट्टा सुरू. सुखदाई मागं करवतीपाशी, डोक्याला फडकं, भुवयांवर भुसा, आणि हा पुढं पायावर पाय टाकून सांगतोय, "मी असं केलं, मी तसं वळवलं." आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला अक्कल लागत नाही, जीभ लागते, आणि ती त्याच्याकडे भरपूर होती.

चार फळ्या ठोकल्या की बॉक्स झाला असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा बनवून बघावा. वूफरला जेवढी हवा मानवते तेवढीच आत पाहिजे. वूफरच्या पाठीमागचं लोहचुंबक जागा खातं, ती धरायची. आतले टेके जागा खातात, तीही धरायची. आणि सगळ्यात जास्त खातो तो पोर्ट. पोर्ट म्हणजे बॉक्सच्या कडेने आत वळत गेलेली फळ्यांची अरुंद वाट. वूफर आत-बाहेर झाला की कोंडलेली हवा त्या वाटेने धावते आणि खालचा सूर जोरात बाहेर फेकते. वाट लांब ठेवली की सूर उतरतो, आखूड ठेवली की चढतो. अरुंद झाली की हवा फसफसते. आणि वाटेच्या तोंडासमोर मोकळी जागा नसली तर सगळंच मुसळ केरात.

सूर लागला की नाही हे बघायची सुखदाईची स्वतःची तऱ्हा होती. बॉक्स उताणा ठेवायचा, वूफरच्या पडद्यावर चिमूटभर तांदूळ टाकायचे, आणि फोनवरून एकेक सूर खालून वर चढवत न्यायचा. तांदूळ ताडताड उडत. चढता चढता एका सुराला ते एकदम खाली बसत. पडदा जवळजवळ थांबलेला, आणि पोर्टच्या तोंडातून मात्र असा वारा की दोरीवरचे कपडे हलावेत. तो त्या बॉक्सचा खरा सूर. त्या सुराला सगळं काम हवा करते, वूफरला फुकट नाचावं लागत नाही. बाप ढोलाच्या कातड्यावर हेच करायचा, तिने ते वूफरवर आणलं. किसून गिऱ्हाइकांना सांगायचा, "ही आमची पद्धत." आमची म्हणे.

ईस्टरच्या आधी वेदेश आला. वेदेश म्हणजे सुखदाईच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, तेलविहिरीवर कामाला. चांगला सव्वीस वर्षांचा गडी, पण गाडीचा विषय निघाला की पोरगा होऊन जायचा. जादा पाळ्या करकरून त्याने दोन पंधरा इंची वूफर घेतले होते आणि ते तो बायकोसारखे जपत होता. बायको अजून यायची होती, लग्न जूनमध्ये होतं. वरातीत स्वतःच्या पांढऱ्या वॅगनमध्ये स्वतःचं म्युझिक वाजवत जायचं, आणि त्याआधी ईस्टरच्या रविवारी डेबेच्या मैदानावर गाड्यांच्या स्पर्धेत उतरायचं, एवढंच त्याच्या डोक्यात.

"मौसी, दारं लावून मोजणार आहेत या वेळी," तो म्हणाला. "आवाज मोजायचा माईक पुढच्या काचेला चिकटवणार. तेवढं बघ."

सुखदाई मापपट्टी घेऊन वॅगनच्या मागं वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मग म्हणाली, "मागचं बाक दुमडून पाडावं लागेल. बॉक्स पुढं घ्यायचा. पोर्टचं तोंड मागच्या दाराकडं येतंय, तिथं हातभर मोकळं पाहिजे."

खुर्चीवरून किसूनचा आवाज आला. सान फर्नांडोहून आलेली दोन गिऱ्हाइकं त्याच्यासमोर छोल्यांचे डबल्स खात बसली होती, त्यामुळे आवाज जरा वरच्या पट्टीतला होता.

"बाक पाडायचं नाही. माझे दोस्त कुठं बसणार? तुझ्या मांडीवर?"

गिऱ्हाइकं हसली. एकाच्या तोंडातून छोले सांडले.

"बॉक्स दाराला टेकला पाहिजे," किसून पुढं म्हणाला. "दार वर केलं की समोर नुसते वूफर आणि दिवे. बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत."

"दार वर असताना वाजेल," सुखदाई म्हणाली. "लावलं की गुदमरेल. पोर्टला श्वास कुठून मिळणार?"

"मौसा, दारं लावूनच वाजवायचंय," वेदेश म्हणाला.

"दरवर्षी म्हणतात रे. शेवटी सगळे उघडीच ठेवतात." मग किसून तिच्याकडे वळला आणि हसत हसत म्हणाला, "सुखी, तू फळ्या काप. डोकं माझ्यावर सोड. इतकी वर्षं कुणाच्या नावावर गिऱ्हाईक येतंय?"

असं तो पहिल्यांदा बोलला असं नाही. पण आजवर बोलायचा ते वरती, स्वयंपाकघरात, दार लावून. आज तो तिच्या बापाच्या कारखान्यात, तिच्या बहिणीच्या मुलासमोर, छोले सांडणाऱ्या दोन परक्यांसमोर बोलला. सुखदाईने मापपट्टी गुंडाळली, खिशात टाकली आणि म्हणाली, "बरं."

ज्याला थोडी तरी समज असती तो त्या "बरं"ला घाबरला असता. किसूनने दुसरा डबल्स मागवला.

तिने बॉक्स बनवला. अगदी तो म्हणाला तसा. दाराला टेकणारा, पोर्टचं तोंड दारापासून दोन बोटांवर. "तुझं डोकं ना? घे तुझं डोकं," असं करवतीच्या आवाजात पुटपुटत तिने एकेक फळी कापली. सांधे मात्र तिला वाईट करता येईनात. रागाच्या भरातही गोंद काठोकाठ गेला, टेके जिथं पाहिजेत तिथंच बसले, कोपरे घासून इतके गुळगुळीत झाले की हवेला अडायला जागा नको. हात तिचं ऐकत नव्हते. हातांना कुणी शिकवलंच नव्हतं वाईट काम करायला.

वॅगनचं दार वर करून घराखाली बॉक्स वाजवून बघितला तेव्हा शेजारच्या घराचे पत्रे थरथरले. त्याआधी तिने तांदूळ टाकून बघितले होते, ते जिथं बसायला हवेत तिथंच बसले होते. किसून खुर्चीवरून उठला, हे एक नवलच, आणि म्हणाला, "बघ. म्हणत होतो ना?"

वेदेशचे डोळे पाणावले होते. तो मोठ्याने म्हणाला, "मौसा, तुम्हाला तोड नाही." मग सुखदाईजवळून जाताना हळूच तिच्या खांद्याला हात लावला आणि कुजबुजला, "थँक्यू, मौसी." मोठ्याने त्याला, हळूच मला, असं तिच्या मनात आलं, आणि ती आणखीच पेटली. "एकदा दार लावून वाजव रे," हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. ते तिने गिळले. जळू दे, म्हणाली मनात. मैदानावर सगळ्यांसमोर जळू दे किसूनचं डोकं.

रविवारी दुपारी सगळे वॅगनमधून डेबेला निघाले. पुढं वेदेश गाडी चालवत आणि शेजारी किसून, खिडकीतून कोपर बाहेर काढून. मागच्या बाकावर किसूनचे दोन दोस्त आणि त्यांच्यामध्ये सुखदाई, मांडीवर बीअरची बर्फपेटी. पाठीमागं बॉक्स. पेटीचं गार पाणी तिच्या साडीत झिरपत होतं आणि दोस्त तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत होते. तिला कुणी बोलावलेलं नव्हतं. पण घरी बसवलं नसतं तिच्याच्याने.

मैदानावर धूळ, माणसं, फुलौरीच्या भज्यांच्या कढया, कुठंतरी बदकाचा रस्सा शिजत होता. बोलायचा माईक लछमनच्या हातात होता. हा लछमन एरवी लग्नांत निवेदन करायचा, त्याला गप्प बसवणं कुणाच्या बापाला जमलेलं नव्हतं. त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं, "दारं, काचा, सगळं बंद. उघडं दिसलं की गाडी बाद."

किसूनने ऐकलं आणि खांदे उडवले. "बंद तर बंद. किसूनचा बॉक्स आहे."

सुखदाईने फुलौरीचा कागद हातात घेतला होता. तिला पुढचं सगळं दिसत होतं. दार लागलं की पोर्टचं तोंड जवळपास बुजणार. बॉक्सचा सूर खाली घसरणार. वेदेश त्याच जुन्या सुरावर पूर्ण ताकद सोडणार, आणि त्या सुराला आता आत हवेचा आधार नसणार. पडदे बेफाम उडतील, मग जळका वास येईल, मग धूर. दोन्ही वूफर एका दमात जातील. हेच तर तिला पाहिजे होतं, नाही का? किसूनची इज्जत मैदानात. तिने मान वर करून किसूनकडे बघितलं. तो दोस्तांना टाळ्या देत होता. आणि मग तिची नजर वेदेशकडे गेली. तो मागचं दार लावत होता. दार सहज लागेना, इतका बॉक्स टेकला होता. त्याने खांदा लावून ते दाबलं, लावलं, आणि मग तळहाताने काचेवरची धूळ पुसली.

जळणार होते ते त्याचे वूफर. किसूनचं काय जळणार? किसून दुसऱ्या दिवशी म्हणाला असता, फळ्या नीट कापल्या नव्हत्या हिने. ही गोष्ट आधी तिच्या लक्षात कशी आली नाही, याचाच तिला आता राग आला. नवऱ्यावर सूड उगवायला निघाली आणि बहिणीच्या लेकराच्या जादा पाळ्या जाळायला बसली. आणि वरून आवाज फुटणार तो तिच्याच बॉक्सचा, शेकडो लोकांसमोर, फाटक्या ढोलासारखा.

"पुढची गाडी," लछमन ओरडला, "बॅरकपोरचा वेदेश, आणि बॉक्स कुणाचा हे सांगायलाच नको."

सुखदाईने फुलौरी एका दोस्ताच्या हातात कोंबली आणि चालू पडली. लोकांना बाजूला सारत ती वॅगनपाशी पोचली, पुढचं बॉनेट उचललं, बॅटरीजवळच्या जाड वायरीवरचा फ्यूज खेचून काढला आणि मुठीत धरला.

"मौसी?" वेदेश म्हणाला.

"सुखी, काय चाललंय?" किसून लगबगीने आला. "आपली वेळ चाललीय."

"फ्यूज काढलाय."

"दिसतंय मला. लाव परत."

"नाही लावत. असाच वाजवला तर दोन्ही वूफर जळतील. तुला सांगितलं होतं मी. पोर्टचं तोंड बुजलंय."

माणसं जवळ सरकली. किसून त्यांच्याकडे बघून हसला, तेच गिऱ्हाइकांसाठीचं हसू. "आमच्याकडे फळ्या कापते ही. ऊन लागलंय जरा."

तेव्हा मात्र सुखदाईच्या आत इतकी वर्षं जे धुमसत होतं ते बाहेर आलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं नंतर बघणारे सांगत.

"मी सरळ करून देते," ती म्हणाली. "या क्षणी करते, वेळही चुकणार नाही. तू फक्त माईक घे आणि सांग, हा बॉक्स कुणी बनवला. हा आणि याच्या आधीचे सगळे. एवढंच बोल."

लछमनला मजेचा वास लागला होता. त्याने माईक किसूनच्या तोंडाशी नेला. किसून त्या माईककडे बघत राहिला. ज्या माणसाने वीस वर्षांत कधी शब्दाला शब्द कमी पडू दिला नाही, त्याला आता एक नाव सापडेना. घसा खाकरला. शर्टाची कॉलर नीट केली. दोस्तांकडे बघितलं. मग माईक हाताने बाजूला सारला.

"राहू दे," तो म्हणाला. "नंबर गेला तर गेला. लछमन, पुढची गाडी घे."

बघा म्हणजे काय माणूस असतो. पोराचा नंबर गेला तरी चालेल, पण हिचं नाव तोंडातून जायला नको. सुखदाईला हे आतून ठाऊक होतं असं तिला वाटत होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि भर उन्हात, सगळ्यांसमोर, डोळ्यांनी बघणं वेगळं. तिची मूठ इतकी आवळली की फ्यूजची कड तळव्यात रुतली.

वेदेश तिच्या अगदी जवळ आला. "मौसी, दे ना गं. तूच बनवतेस, मला माहीत आहे ते. सगळ्यांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"हेच. मौसाला मापपट्टी उलटी की सुलटी कळत नाही, हे अख्ख्या बॅरकपोरला माहीत आहे. आई तर कायम म्हणते घरी."

सुखदाईने गर्दीकडे बघितलं. बॅरकपोरची कितीतरी तोंडं होती तिच्यात. कुणी नजर खाली घातली, कुणी घड्याळ बघितलं, एकजण उगाच फुलौरीच्या कढईकडे वळला. खरंच माहीत होतं सगळ्यांना.

"मग इतक्या वर्षांत कुणी बोललं का नाही?" तिने विचारलं.

वेदेशने ओठ चावला. "मौसाला वाईट वाटलं असतं."

आजवर ती समजत होती की लोक भोळे आहेत. त्यांना दिसत नाही, किसूनच्या बडबडीला भुलतात, एक दिवस कळेल. त्या एका दिवसाच्या भरवशावर तिने मूग गिळून दिवस काढले होते. आणि लोकांना पहिल्यापासून कळत होतं. तिच्याकडे बघून, भुसा भरलेल्या तिच्या भुवयांकडे बघून, ते शांतपणे म्हणत होते, किसूनचा बॉक्स. सगळी मिळून किसूनचं मन जपत होती. तिलाही मन आहे, हे एकालाही सुचलं नव्हतं. तिच्या सख्ख्या बहिणीलाही नाही. किसूनवरचा तिचा राग आता फारच लहान वाटायला लागला, कारण हा दुसरा राग त्याच्या कितीतरी पट मोठा होता.

"बाक पाड," ती वेदेशला म्हणाली.

"काय?"

"मागचं बाक पुढं पाड. उभा काय राहिलास?"

दोघांनी मिळून बाक पाडलं, बॉक्स धरला आणि पुढं रेटला. हातभर. दारापर्यंत मोकळी जागा झाली. तिने पोर्टच्या तोंडावर हात ठेवून बघितला, मग दार लावलं. या वेळी ते एका बोटाने लागलं. बॉक्सचे पट्टे कसे आवळायचे ते तिने दाखवलं, फ्यूज वेदेशच्या हातात ठेवला आणि त्याच्याकडे न बघता निघाली. किसून वाटेत उभा होता. त्याला वळसाही न घालता ती सरळ चालत गेली, त्यालाच बाजूला व्हावं लागलं.

फाटकाबाहेर टॅक्स्या भरायची वाट बघत उभ्या होत्या. ती एकीत जाऊन बसली. घरी जाऊन आंघोळ करायची आणि उद्या करवतीला हात लावायचा नाही, परवाही नाही, असं तिने ठरवलं. तेवढ्यात तो सूर आला. आधी पायांना कळला, मग टॅक्सीच्या काचेला, आणि सगळ्यात शेवटी कानाला. कुठं फसफस नाही, कुठं चरचर नाही. दार बंद असूनसुद्धा भरलेला, गोल, धनराजच्या ढोलासारखा. सुखदाईने डोळे मिटून तो पुरता ऐकला.

मग गलका झाला. बाकीच्या गाड्या वाजून झाल्या. टॅक्सी भरत आली होती. आणि भोंग्यांतून लछमनचा आवाज आला, "पहिला नंबर, वेदेश. बॅरकपोरच्या किसूनचा बॉक्स. टाळ्या."

आता बघा. हा लछमन तिथं हजर होता. माईक त्याच्याच हातात होता. फ्यूज, बाक, सगळं त्याने डोळ्यांनी बघितलं होतं.

सुखदाईने टॅक्सीचं दार उघडलं.

"मौसी, सुटतोय मी आता," टॅक्सीवाला म्हणाला.

"जा तू. माझं काम राहिलंय."

ती परत मैदानात आली तेव्हा किसूनच्या हातात चषक होता आणि दोस्त त्याचा फोटो काढत होते. तिने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. लछमनसमोर जाऊन हात पुढं केला. लछमनने एरवी जिवात जीव असेपर्यंत माईक सोडला नसता, पण तिचा चेहरा बघून दिला.

"हा बॉक्स मी बनवला," ती म्हणाली. भोंग्यांतून स्वतःचा आवाज ऐकून तिला क्षणभर दचकायला झालं, मग ती तशीच बोलत राहिली. "हवा मी मोजली, पोर्ट मी वळवला. माझं नाव सुखदाई. धनराज ढोलवाल्याची सुखदाई. हे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि तुम्ही गप्प बसलात. किसूनला वाईट वाटेल म्हणून. आता मला वाईट वाटतंय. उद्यापासून माझ्या दारात येऊन किसूनला जो विचारेल, त्याच्यावर मी कुत्रा सोडणार आहे."

लोक हसले. मग टाळ्या वाजल्या, चांगल्या जोरात वाजल्या. सुखदाईला त्या टाळ्यांचं काडीचं कौतुक वाटलं नाही. वाजवणारे हात सगळे ओळखीचे होते. तिने माईक लछमनच्या छातीवर टेकवला आणि वॅगनकडे गेली.

पुढचं दार उघडून ती वेदेशच्या शेजारच्या सीटवर बसली. पट्टा लावला. थोड्या वेळाने किसून आला, एका हातात चषक, दुसऱ्या हातात बर्फपेटी. आपल्या जागेवर तिला बघून थबकला. मागच्या बाकाचं दार उघडलं. मागं बाक नव्हतं. पाडलेल्या बाकावर बॉक्स बसला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मी कुठं बसू?" किसून म्हणाला.

वेदेशने समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत गाडी सुरू केली. किसूनने चषक बॉक्सवर ठेवला, दार लावलं आणि बर्फपेटी घेऊन टॅक्स्यांच्या रांगेकडे चालू लागला. त्याचे दोस्त आधीच कुठंतरी सटकले होते.

डेबे मागं पडलं. मग वेदेश चाचरत म्हणाला, "मौसी, आता तरी राग गेला ना?"

"नाही," सुखदाई म्हणाली. "तुझ्यावरचाही नाही."

वेदेशने मान हलवली. तिने वळून मागं बघितलं. बॉक्स मागं शांत उभा होता, सांधे घट्ट, पोर्ट मोकळा.

"वाजव आता," ती म्हणाली. "मी अजून आत बसून ऐकलेला नाही."